लाल नोझलची ट्रायल

…नाही, पण पाच? गाडीवर पाणी मारायला पाच नोझल? तुम्हाला सांगतो, माणसाला देवाने तोंड एक दिलं, त्याच तोंडाने तो जेवतो, शिट्टी मारतो, साहेबाला गुड मॉर्निंग म्हणतो आणि बायकोपुढे ते बंदही ठेवतो, आणि या मशिनला मात्र तोंडं पाच! लाल, पिवळं, हिरवं, पांढरं, काळं. सोनाराने अंगठ्या मांडाव्यात तशी दुकानदाराने ती काचेवर मांडली आणि मला म्हणतो, "बघा, कुठलं देऊ?" आता मी काय बघू? बोटात घालून बघू? अहो, पाणीच मारायचं होतं हो!

थांबा. असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला वाटेल हा माणूस मुळातच चिडका आहे. मुळात मी चिडका नाही, मी क्वालिटीला आहे. चाकणला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत, क्वालिटी डिपार्टमेंट. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायची आणि पगार घ्यायचा. घरी मी हेच काम फुकट करतो असं आमच्या तनुजाचं म्हणणं आहे. तनुजा म्हणजे बायको. माझं नाव शेखर. राहायला मोशीत, जुन्या गावठाणात, घर बापजाद्यांचं, पुढे अंगण, अंगणात बोअरिंग. म्हणजे पाण्याची ददात नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर शेवटी तुम्हाला वाटेल की पाणी गेलं आणि फजिती झाली. पाणी होतं! भरपूर होतं! तेच तर दुखणं आहे.

तर मोशी ते चाकण रोज जायचं आणि यायचं. तुम्ही गेलायत कधी त्या रस्त्याने? नसाल गेलात तर देवाचे आभार माना. बाकी ठिकाणी धूळ उडते. चाकणला धूळ राहायला असते, ये-जा आपण करायची. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला वाळूचा डंपर, आणि मधे आपण काच वर करून गाणी ऐकत बसायचं. गुढीपाडव्याला मी नवी गाडी घेतली. चारचाकी. शोरूमवाल्याने रंगाचं नाव सांगितलं होतं, त्यात चंद्र होता, पोलाद होतं, काहीतरी फार मोठं होतं. साधा राखाडी हो! आठ दिवसांत तोही गेला आणि गाडीला चाकणचा रंग आला.

आता आमच्याकडे दसऱ्याला काय असतं, की घरातल्या सगळ्या गाड्या धुवायच्या, अंगणात ओळीने लावायच्या, झेंडूचे हार घालायचे आणि आबांनी पूजा करायची. आबा म्हणजे माझे वडील, आबाजी. आकुर्डीला दुचाकीच्या कंपनीत होते, पेंट शॉपला, बत्तीस वर्षं. ओळीचा नंबर ठरलेला आहे. पहिली त्यांची स्कूटर. निळी, कमरेला दोन्ही बाजूंनी क्रीम रंगाचा पट्टा. मग माझी मोटारसायकल, मग बाकीची प्रजा. स्कूटर चालू होते का? होते. कधी? तिच्या मनात आलं की. पण पहिला मान तिचा. ती धुवायचे आबा स्वतः, पाटावर बसून, बादली आणि जुन्या धोतराचं फडकं घेऊन. बाकीच्या गाड्या आम्ही वॉशिंग सेंटरला न्यायचो. गेल्या दसऱ्याला तिथे चार तास लाइनीत उभा होतो. चार तास! माझ्यापुढे एकाचा ट्रॅक्टर होता, त्याची माती निघता निघेना, त्या मातीत ऊस आला असता.

तेव्हाच ठरवलं, आपलं स्वतःचं मशिन घ्यायचं. प्रेशर वॉशर. गणपतीत घेतलं. घरी आणलं, खोकं उघडलं, तनुजा म्हणाली, "झालं? आता मार पाणी." मीही म्हटलं, मारतो की. आणि तिथेच खोक्यातून एक कागद निघाला, त्यावर लिहिलं होतं की योग्य अटॅचमेंट निवडा, अन्यथा रंगाला इजा होऊ शकते.

इजा! रंगाला! नव्या गाडीच्या! तुम्हाला सांगतो, तो शब्द क्वालिटीच्या माणसाला दाखवायचा नसतो. झोप उडाली माझी.

गेलो चिंचवडला, नवनाथशेठच्या दुकानात. हा माणूस ड्रिल मशिनपासून ग्रीसच्या डब्यापर्यंत सगळं विकतो आणि विकताना अशा आवाजात बोलतो की जणू डॉक्टर रिपोर्ट सांगतोय. "मशिन काय साहेब, मशिन कुणीपण घेतं. खरा खेळ पुढच्या तोंडाचा हाय. हे लाल, शून्य डिग्री. पाण्याची सुई निघती. हे पिवळं, पंधरा. हिरवं, पंचवीस. पांढरं, चाळीस. आणि काळं, पासष्ट, ते फक्त साबणाला." ज्याची डिग्री शून्य त्याचा जोर सगळ्यात जास्त. यात मला नवल वाटलं नाही, आमच्या कंपनीतही तसंच आहे. मी विचारलं, गाडीला कुठलं? तर म्हणाला, "कुठल्या गाडीला? दुचाकीला का चारचाकीला? बॉडीला का चाकाला? वरून का खालून?" मी म्हटलं शेठ, वरून, खालून, सगळीकडून, पाणीच मारायचंय! तर त्याने मान हलवली, फार वाईट वाटल्यासारखी, आणि खालच्या खणातून आणखी माल काढला.

फेसाची बाटली! ती तोंडाला लावायची की साबणाचा बर्फ पडतो म्हणे गाडीवर. मोशीत बर्फ! मग फिरता ब्रश. मग वाकडी नळी, मडगार्डच्या आत शिरायला. मग लांब नळी, टपाला. मग चार चाकांची एक घसरगाडी, ती गाडीच्या पोटाखाली सोडायची आणि ती खालून वर पाणी मारते. अहो, माझ्या गाडीचं पोट आजपर्यंत मी पाहिलं नाही, शोरूमवाल्याने पाहिलं नाही, चाकणच्या खड्ड्यांनी तेवढं पाहिलंय, आणि ते कोणाला सांगत नाहीत. तरी घेतली मी. घेतली! का घेतली विचारू नका.

घरी येतो तर आई दारात. गिरजाबाई. पितृपंधरवडा चालू होता, आणि आमच्याकडे त्या पंधरा दिवसांत साधी चप्पलसुद्धा नवी आणत नाहीत. आई पिशवीकडे बघत म्हणाली की हे काय आणलंस पित्रांत? मी म्हटलं, आई, ही नवी वस्तू नाही, ही जुन्या वस्तूची अटॅचमेंट आहे. आईला ते पटलं. तुम्हाला सांगतो, त्या अख्ख्या खरेदीत पटकन पटलेली ती एकमेव गोष्ट.

कारण पुढे बघा. फेसाची बाटली बसेना! मशिनच्या बंदुकीला खटका, बाटलीला आटे. खटक्यात आटे जात नाहीत. परत नवनाथशेठ. "मग तुम्हाला ॲडॉप्टर लागंल." बरं, दे. घरी आलो, ॲडॉप्टर बाटलीला बसला, बंदुकीला बसेना. परत शेठ. "मग ह्या ॲडॉप्टरला जोडायला तो ॲडॉप्टर लागंल." तिसऱ्या खेपेला तर त्याने मी दिसल्याबरोबर चहा सांगितला. इकडे तनुजा रोज संध्याकाळी विचारायची, "धुतली का रे गाडी?" आणि मी म्हणायचो, "धुणार आहे. जोडणी चालू आहे." शेजाऱ्यांनी तोपर्यंत त्यांची गाडी दोनदा धुतली होती. बादलीने. मला दाखवून.

त्यात आमचा रविराज. चुलतभाऊ. याने आयुष्यात स्वतःचं जेवणाचं ताट धुतलेलं नाही, पण मोबाइलवर गाड्या धुण्याचे सगळे व्हिडिओ त्याने पाहिलेत. तो अंगणात आला, खिशात हात घातले आणि सुरू झाला की दादा, कपड्याची पावडर चालणार नाही, शांपू लागेल, तोही न्यूट्रल, बादल्या दोन पाहिजेत, फडकं मायक्रोफायबरचं, सावलीत धुवायचं, वरून खाली यायचं, गोल घासायचं नाही, रंगावरच्या क्लिअर कोटला चरे पडतात. मी म्हटलं, अरे, मी स्वतः एक बादली, अंगाचा मिळेल तो साबण आणि घाईघाईत गोल घासून मोठा झालोय! तर म्हणतो, "दादा, तुझ्या अंगावर क्लिअर कोट नाहीये." नोझलचं विचारलं तर म्हणाला पांढरंच लाव. मी विचारलं, का पांढरंच? तर त्याला सांगता येईना. आता कारण माहीत नसताना निर्णय घ्यायचा? क्वालिटीच्या माणसाने?

आणि इथे, तुम्हाला सांगतो, इथे माझं डोकं फिरलं. म्हणजे चाललं. माझं चाललं की तनुजा त्याला फिरलं म्हणते. मी म्हटलं, आपण हा प्रश्न कंपनीच्या पद्धतीने सोडवू. तक्ता केला! डावीकडे नोझल, वर अंतर, एक फूट, दोन फूट, तीन फूट, आणि शेवटी शेरा, पास किंवा फेल. कंपनीत आम्ही पार्ट धुतो ना, तिथेही नवं नोझल आलं की आधी ट्रायल घेतो. आणि ट्रायलचा नियम एकच, जो पहिल्या दिवशी शिकवतात आणि रिटायर होईपर्यंत पाठ राहतो, की ट्रायल कधी चांगल्या पीसवर घ्यायची नाही. ट्रायल स्क्रॅप पीसवर. जो वाया गेला तरी हळहळ नाही, त्याच्यावर.

रविवारी सकाळी दहाला अंगणात मशिन मांडलं, तक्ता पाटावर ठेवला, वर दगड ठेवला, आणि ट्रायलला पीस शोधायला लागलो. नवी गाडी? छे. मोटारसायकल? तिची वॉरंटी चालू. तनुजाची ॲक्टिव्हा? मला जगायचंय. रविराजची गाडी होती, पण तो गाडीत बसूनच राहिला, उतरेना, शहाणा माणूस. नजर फिरवत फिरवत गेली आणि थांबली गोठ्याच्या भिंतीला. निळी. जुनी. चाकाला वाळलेला चिखल. आबांची स्कूटर.

मी तेव्हा काही विचार केला का? नाही हो. खोटं कशाला सांगू! हात आपोआप गेला. कंपनीत स्क्रॅपच्या लाल डब्यातला पीस उचलावा तसा.

पांढरं मारलं. धूळ गेली, चिखल राहिला. लिहिलं, फेल. हिरवं मारलं, थोडा निघाला. पिवळं मारलं, आणखी थोडा. आणि राहिलं लाल. आता पिवळ्यावर थांबायचं की नाही? गाडी बऱ्यापैकी निघाली होती की नाही? पाणीच मारायचं होतं की नाही? पण तक्त्यात लालचा रकाना रिकामा होता, आणि रिकामा रकाना मला बघवत नाही. लावलं लाल. एक फूट अंतर. दाबला घोडा.

तुम्हाला सांगतो, असा सुंदर आवाज आला! चिखल असा निघाला, जणू नव्हताच. मी खूश. बंदूक जरा वर घेतली, डावीकडून उजवीकडे, हळूहळू, एकसारखी, आणि चिखलामागून पट्टाही निघाला. क्रीम रंगाचा तो पट्टा! पापुद्रे उडाले, पाण्यात तरंगत तुळशीपाशी गेले, आणि स्कूटरच्या कमरेला खाली नुसता फिक्का निळा ओरखडा उरला. हाताच्या लांबीएवढा. मी घोडा सोडला. मशिन बंद झालं आणि अंगण एकदम गप्प झालं.

आता तो पट्टा म्हणजे काय ते सांगतो. आबा पेंट शॉपला होते म्हटलं ना? ते पट्टा मारायचे. हाताने. लांब केसांचा बारीक ब्रश घेऊन, श्वास धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात. पुढे तिथे स्टिकर आले आणि हाताचा पट्टा गेला. ही स्कूटर त्यांनी घेतली तेव्हा पट्टा त्यांनी स्वतः मारला होता, घरी, याच अंगणात. ही गोष्ट ते दर दसऱ्याला हार घालताना सांगतात, आणि दर दसऱ्याला मी, "हो आबा, माहितीये," म्हणून पुढच्या गाडीला हार घालायला जातो. माहीत होतं हो मला! माहीत असणं आणि ध्यानात असणं यात केवढा फरक आहे, हे मला त्या पापुद्र्यांकडे बघताना कळलं.

आबा आवाज बंद झाला म्हणून बाहेर आले. गुडघे दुखतात, भिंतीला धरून चालतात. आले, स्कूटरपाशी उभे राहिले. मी बोलायला सुरुवात केली. आपण चुकलो की फार बोलतो, मी तर जास्तच. आबा, काय झालं, की हे शून्य डिग्री आहे, याचा फोर्स एका जागी येतो, म्हणजे मी फक्त ट्रायल घेत होतो…

आबांनी हात वर केला. मी थांबलो.

"ट्रायल कशावर घेत्यात रं तुमच्या कंपनीत?"

आता बोला! बत्तीस वर्षं कंपनीत काढलेला माणूस. त्याला का माहीत नाही? त्याला मला विचारायचंच नव्हतं, माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी मान खाली घालून म्हटलं, "स्क्रॅपवर."

"व्हय," म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. तक्त्यावरचा दगड त्यांनी नीट केला, तो वाऱ्याने उडू नये म्हणून, आणि आत जाता जाता म्हणाले, "ह्या दसऱ्याला ती वळीत नगं. भंगाराची पूजा करीत न्हाईत."

खोटं नाही सांगत. पट्टा गेला ते एक, पण त्यांना वाटलं की या घरात वाया गेलं तर हळहळ नाही असं काय आहे, ते मी ठरवून टाकलंय. आणि मी ठरवलं होतंच ना! पाटावर लिहून! ती स्कूटर ओळीत पहिली उभी राहिली नाही तर आमचा दसरा कसला? आणि आबा स्वतःला कुठल्या डब्यात मोजायला लागतील, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. गुडघे दुखायला लागल्यापासून ते तसेही फार बोलत नव्हते.

त्यांनी अबोला धरला. अबोला म्हणजे भांडण नाही हं, जेवायला एकत्र, टीव्ही एकत्र, पण माझ्याकडे बघून बोलायचं ते आईकडे बघून. "त्याला म्हणावं आमटी वाढून घी." मी समोर! आमटी माझ्यासमोर!

मी पिंपरीत गेलो, रेडियमवाल्याकडे. त्याला फोटो दाखवला, त्याने कॉम्प्युटरवर तसाच पट्टा कापून दिला, क्रीम, तंतोतंत, दोन बाजूंचे दोन. आणून आबांपुढे ठेवला. आबांनी तो हातात घेतला, बोटाने चाचपला आणि आईला म्हणाले, "ह्याच्यापायी तर आमचं काम गेलं." हे मी लक्षातच घेतलं नव्हतं! ज्या स्टिकरने त्यांचा ब्रश हातातून काढून घेतला, तोच मी त्यांना बक्षीस आणला होता. तनुजाने कपाळावर हात मारला. मला म्हणाली, "शेखर, तू त्यांना एकदा नुसतं सॉरी म्हणशील का? कुठलीही अटॅचमेंट न लावता?"

तुम्हाला सांगतो, मी म्हटलं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. अंगणात आई त्या वेळी माझ्या मशिनने गोधड्या धूत होती. हो, गोधड्या! दसऱ्याच्या आधी घरातलं सगळं धुणं निघतं ना, तर आईने खोक्यातून काळं नोझल उचललं, कोणाला विचारलं नाही, कागद वाचला नाही, लावलं आणि सात गोधड्या काढल्या. त्या घसरगाडीवर तिने साबणाची वाटी ठेवली होती. तर मी आबांशेजारी ओट्यावर बसलो आणि म्हटलं, "आबा, चुकलं माझं. मी त्या गाडीकडे नीट बघितलंच नव्हतं. तुम्ही पट्टा मारून द्या. मला येत नाही, आणि दुसऱ्या कोणाचा मला नको."

आबा म्हणाले, माझ्याकडे बघून म्हणाले, "हात बसलाय का न्हाई कुणास ठावं. ईस वरसं झाली." पण आईने मशिन बंद केलं, हात पुसले, आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून कापडात गुंडाळलेला ब्रश आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. तेल लावून ठेवलेला! म्हणजे हा माणूस वीस वर्षं त्या ब्रशला तेल लावत होता, आणि मी क्वालिटीत असून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ऑइल पेंटचा डबा मी पित्र संपल्यावर, दुसऱ्याच दिवशी घट बसताच आणला. एकच डबा, एकाच खेपेत, ॲडॉप्टरशिवाय.

खंडेनवमीला कंपनीत मशिनची पूजा असते, फर्स्ट शिफ्टला नारळ फुटतो, पेढे वाटतात, आणि त्या दिवशी जरा लवकर सोडतात. दुपारी घरी आलो. अंगणात स्कूटर उभी. स्वच्छ! आबांनी बादली-फडक्याने धुतलेली. आणि तिच्या कमरेला पट्टा. क्रीम. ओला. या टोकापासून त्या टोकापर्यंत असा सरळ, की मी खाली बसून डोळा लावून बघितलं, सवयच ना, आणि खोट सापडली नाही. माझे डोळे भरून आले, सरळ सांगतो. मी म्हटलं, "आबा, एका दमात?"

"एका दमात," आबा म्हणाले. पाटावर बसले होते, ब्रश पुसत. तोंडावर असा तजेला, मी तर कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. "आधी हात बसवून घ्येतला. ट्रायल घ्येतली जरा."

ट्रायल? मी हसलो. अगदी प्रेमाने हसलो. म्हटलं, कशावर घेतली आबा? पत्र्यावर का?

आबा ब्रश पुसत राहिले. आई एकदम आत गेली. तनुजा दारात उभी होती, ती आकाशाकडे बघायला लागली. त्या दिवशी मी कंपनीच्या बसने गेलो होतो. गाडी घरी होती. चारचाकी. नवी. चंद्र आणि पोलादाच्या रंगाची. मी हळूच मान वळवली…

पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत! दोन्ही दारांवरून! क्रीम! सुरुवातीला जरा थरथरलेला, पुढच्या दारावर थोडा खाली आलेला, मागच्या दारावर परत वर गेलेला, आणि शेवटच्या वितीत एकदम सरळ. तिथे हात बसला होता. माझ्या गाडीवर! जिच्या रंगाला इजा होऊ नये म्हणून मी पाच नोझल, दोन ॲडॉप्टर आणि एक घसरगाडी घेतली होती, तिच्यावर!

मी आबांकडे बघितलं. आबांनी ब्रश कापडात गुंडाळला, नीट, आणि शांतपणे म्हणाले, "कंपनीचा नियम हाय, बाबा."

दसऱ्याला ओळ लागली. पहिली स्कूटर, मग मोटारसायकल, मग आमची पट्टेवाली. आबांनी पट्ट्याची गोष्ट सांगितली आणि मी पहिल्यांदा सगळी ऐकली, हार हातात धरून. त्यात एक वाक्य असं होतं की पहिला पट्टा कधीच सरळ येत नाही. इतकी वर्षं ते हे सांगत होते म्हणे.

काढता येईल का? येईल की. लाल नोझल आहे घरात, एक फूट अंतर, तक्त्यात पास लिहिलंय. रविराज रोज विचारतो, दादा, कधी काढायचा? आणि मी बंदूक हातात घेतो, लाल लावतो, त्या थरथरलेल्या टोकापाशी उभा राहतो… आणि पांढरं लावून नुसतं पाणी मारतो. पाणीच तर मारायचं होतं हो! आता कंपनीच्या पार्किंगला रोज कोणीतरी थांबतो, वाकून बघतो आणि विचारतो, "भाऊ, ही कुठली एडिशन आली?" क्वालिटीचा माणूस, खोटं बोलता येत नाही. सांगतो आपला, ट्रायल पीस आहे.